बटन बाहेर

“बटन आतच पाहिजे म्हणलं ना! कितीदा सांगू?”

“अवं माय, ऐक तं. बाहेर दारापाशी असलं तं आमाले बी सोपं जाते.”

“खोली माही, बत्ती माही, अन् सोपं तुमाले?”

रंभाबाई आणि तिचा मुलगा बंटी यांचं हे सकाळपासून चाललंय. दोघांच्या मध्ये धम्मानंद वायरमन खडू घेऊन उभा. बिचाऱ्यानं रंभाबाईच्या खोलीच्या दाराशी बटनासाठी दोनदा चौकोन काढला आणि दोनदा बाहीनं पुसला.

आणि मी मेनचा खटका बोलतोय. आत शिरलात की डाव्या भिंतीवर जी लोखंडी पेटी दिसते, उजव्या अंगाला दांडा असलेली, ती माझी काया. माणसं भांडली की म्हणतात, ‘खटके उडाले’. उगाच आमच्या नावाची बदनामी! मी पडलो की निदान गिरणी थांबायची. यांची तोंडं कुठे थांबतात?

ही जागा घर नव्हतीच मुळी. हे कांडप होतं. मिरची, हळद, धने, आणि बाजूला पिठाची चक्की. रंभाबाईच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, थ्री फेजचं कनेक्शन घेतलं आणि मला भिंतीवर ठोकलं. तेव्हा माझा रंग राखाडी होता, झाकणावर लाल वीज काढलेली होती. पहिल्यांदा दांडा वर गेला आणि सगळी इमारत थरथरली, तेव्हा मला वाटलं, ही ताकद माझीच. नव्या खटक्याला एवढा माज असायचाच.

दोन उन्हाळे सरले आणि वामनराव छातीत कळ येऊन गेले. माणसं म्हणाली, बाईनं आता मशीन विकावी. रंभाबाईनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळमन्याच्या बाजारातून मिरचीची पोती आणवली.

मग एकदा फ्यूज उडाला. वायरमनला निरोप धाडला तर तो म्हणे परवा येतो. दारात बाया ताटकळलेल्या, डोक्यावर ऊन. रंभाबाईनं लाकडी स्टूल ओढलं, पायात रबरी चपला घातल्या आणि माझ्यासमोर उभी राहिली. झाकण ओढलं. उघडेना. दांडा वर असेल तर माझं झाकण उघडत नाही, तशी माझी घडणच आहे. तिनं मला दोन शिव्या घातल्या, जरा विचार केला, आणि दांडा खाली ओढला. झाकण उघडलं. “अस्सं व्हय!” म्हणाली. झालं तिचं शिक्षण. त्या दिवसापासून फ्यूजची तार तिच्या पदराच्या गाठीला असायची आणि वायरमनची मिजास गेली ती गेलीच.

मी तिच्या हाताचा माणूस झालो म्हणा ना. रोज सकाळी तिचा तिखटानं माखलेला हात माझ्या दांड्यावर यायचा. आजही मला उघडा, आतून लाल भुकटी पडेल. मघाशी धम्मानंदनं झाकण उघडलं तर सात शिंका आल्या त्याला.

“मावशी, या मेननं तं मले रडवलं!”

“रड, रड. तुह्या लग्नातल्या भाजीचं तिखट इथलंच होतं. तवा बी रडला होता तू.”

पुढे पाकिटातले मसाले आले. बाया कमी झाल्या, मग दिसेनाशाच झाल्या. उन्हाळ्यामागून उन्हाळा गेला, दांडा आठवड्यातून एकदा वर जाऊ लागला. शेवटी मशीन गेली. जिथे ती उभी होती तिथे जमिनीत चार बोल्ट आणि भिंतीतून लोंबणाऱ्या तीन वायरी उरल्या. बंटी बुटीबोरीला कारखान्यात कामाला जातो, भाड्याच्या घरात त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यानं ठरवलं, कांडपाचंच घर करू. चुकीचं काही नाही त्यात. इमारतीलाही पोट बदलावं लागतं.

महिन्यापूर्वी सगळे राहायलाच आले, शेजारून ओढलेल्या एका वायरीवर भागवलं, आणि आज वायरिंग आखायची होती. धम्मानंदनं खडूनं भिंती रंगवल्या. फुली म्हणजे बत्ती, गोल म्हणजे पंखा, चौकोन म्हणजे बटनांचा बोर्ड. हॉलमध्ये टीव्हीचा पॉइंट, कूलरचा पॉइंट. स्वयंपाकघरात मिक्सरला वेगळा, फ्रिजला वेगळा. बंटी आणि त्याची बायको रीना यांच्या खोलीत एसी, पलंगाच्या दोन्ही अंगांना बटनं. मागच्या पोत्यांच्या खोलीत रंभाबाईची खाट. तिथे एक फुली, एक गोल. चौकोन मात्र दाराच्या बाहेर.

आईच्या ते लक्षात येणार नाही, असं बंटीला वाटलं. रंभाबाई शाळेत गेली नाही, पण वायरमनचा खडू वाचते. ती एकेका चौकोनावर बोट ठेवत सगळं घर फिरली, आपल्या दाराशी येऊन थांबली, आणि तिथून हे भांडण पेटलं.

“माय, तू बत्ती चालूच ठेवतं,” बंटी म्हणाला.

“तुहा टीव्ही कोण बंद करते? मीच ना?”

“तसं नाही वं...”

“मंग कसं? सांग ना! काहून बाहेर?”

रीनानं हातातली परात खाली ठेवली. ती वाईट नाही. या घरात रंभाबाईच्या गुडघ्यांना तेल लावणारी तीच आहे.

“आई, मी सांगते,” ती म्हणाली. “मंगळवारी सकाळी चहा घेऊन आली तं तुम्ही मेनपाशी उभ्या होत्या. दांडा वर केला होता. मी विचारलं, काय करून राहिल्या? तं म्हणाल्या, मशीन सुरू करून राहिली, बाया येतील आता. अन् त्या वायरी, आई... त्या उघड्याच लोंबून राहिल्या होत्या. तुम्ही त्याच्याकडेच चालल्या होत्या. म्हणून म्हटलं, कोणतंच बटन तुमच्या हाताशी नको.”

खरं आहे. माझ्याच दांड्यानं झालं ते. तिचा हात ओळखीचा वाटला आणि मी वर गेलो. लोखंडाला नाही म्हणता येत नाही. करंट वायरीच्या टोकाशी येऊन थांबला होता, आणि ती हात पसरून कान देऊन उभी होती, मशीनचा आवाज का येत नाही म्हणून. रीना धावली नसती तर? इतक्या वर्षांत मी कुणाचा जीव घेतला नाही. त्या सकाळी घेतला असता, तोही तिचा.

म्हणून माझ्या जाण्याचं मला फार वाईट वाटत नाही. धम्मानंद म्हणाला, नवा बोर्ड लागेल, छोटे छोटे खटके, जरा काही झालं की आपोआप पडतील. बरं आहे. मला उद्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवतील. एवढंच मागणं आहे, भिंतीवरून काढाल तेव्हा माझा दांडा खाली करून काढा. चालू म्हणून मला नेऊ नका.

पण तिचं काय? तिच्या हातून मी सुटलो, त्या वायरीही जातील. उरेल ती एक बत्ती आणि तिचं बटन.

रीनाचं बोलून झालं. बंटी जमिनीकडे बघत होता. धम्मानंदनं खडू खिशात टाकला, पुन्हा काढला. मी रंभाबाईचा चेहरा फार वर्षं पाहिलाय. तो पडलेला मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला. मंगळवारचं तिला काही आठवत नव्हतं, आणि आपण विसरायला लागलोय हे तिला आजच कळलं.

बंटीनं हलक्या आवाजात म्हटलं, “धम्मानंद, काढ मंग चौकोन. बाहेरच काढ.”

खडू भिंतीला टेकला. रंभाबाईनं धम्मानंदचं मनगट धरलं, घट्ट, पूर्वी माझा दांडा धरायची तसं. आरडाओरड केली नाही.

“पोत्याच्या खोलीचं बटन बाहेर राहते गा बंटी, काहून का आत पडलेल्या पोत्याले उजेड लागत नाही.”