बोटांनी लावलेला नट

मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या एक्सलचा नट तिने बोटांनीच दोन-तीन वेढे फिरवून बसवला, चेन अंगठ्याने वरखाली करून पाहिली, आणि पाना उचलणार तोच वरच्या मजल्यावर तिचा फोन वाजायला लागला. रविवारी सकाळी फोन म्हणजे नवऱ्याचाच. कामासाठी तो परगावी होता आणि तिथे रेंज मिळाली तर मिळाली. पाना खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवून, फडक्याला हात पुसून ती जिना चढली.

घरात कोणी नव्हतं. सासू-सासरे फिरायला गेले असतील, असं ती धरून चालली. बोलणं लांबलं. त्याला तिकडच्या जेवणाचा कंटाळा आला होता, तिला इकडे रात्रपाळ्यांचा. फोन खांद्याला दाबून धरत तिने मधेच हातही धुतले, आणि काळा फेस मोरीत वाहून जाताना खालचं काम संपल्यासारखंच तिला वाटलं.

ती खाली आली तेव्हा गाडी जागेवर नव्हती.

जिथे गाडी उभी होती तिथे वर्तमानपत्र होतं, तेलाची बाटली होती, फडकं होतं. ती धावत फाटकापाशी गेली.

"माझी गाडी कोणी नेली?"

रखवालदार खुर्चीतून अर्धवट उठला. "तुमच्या सासऱ्यांनी नेली की, ताई. मागे आजी बसल्या होत्या."

चोरीला गेली नाही, एवढ्यानेच तिला हायसं वाटलं. सासऱ्यांना गाडी चालवता येत होती. नोकरीभर ते अशाच एका लहान मोटारसायकलवरून हिंडले होते. ती परत वळली, पसारा आवरायला वाकली, आणि पाना हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की तो नट आपण पान्याने आवळलाच नाही.

गाडी तिची स्वतःची होती, आणि तिची सगळी निगा ती स्वतःच राखायची. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, क्लचची केबल ताणणं, सगळं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या शिरा शोधून आल्यावर या कामात तिला विसावा वाटायचा. सासूबाईंना ते कधी पटलं नाही. "आमच्या सुनेला हळदीपेक्षा ग्रीसचा रंग चढतो," असं त्या शेजारणींना सांगत. तिच्यासमोरही सांगत. गाडीवर मागे बसायची वेळ आली तर शक्य तेवढं मागे सरकून, कॅरिअर धरून बसत. तिच्या खांद्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

आणि आज त्याच गाडीवर, तशाच बसून त्या गेल्या होत्या.

तिने सासऱ्यांना फोन लावला. रिंग वरून, घरातूनच ऐकू आली. सासूबाईंचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पिशवीच्या तळाशी असेल. त्यांना तो नेहमीच उशिरा ऐकू येई.

"कुठल्या बाजूला गेले?"

"डावीकडे," रखवालदार म्हणाला. "का, काय झालं?"

डावीकडे म्हणजे मोठा रस्ता. उतार, खड्डे, आणि माल वाहणारे ट्रक.

"तुमची सायकल द्या."

सायकल तिच्या उंचीला मोठी होती. सीटवर बसलं की पाय टेकत नव्हते. पाना ठेवायला जागा नव्हती म्हणून तो तिने हँडलच्या मुठीबरोबर तसाच घट्ट धरला, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना तो बोटांत रुतू लागला.

पुढे काय होईल हे तिला फार नीट माहीत होतं. प्रत्येक खड्ड्याला नट थोडा थोडा मागे फिरणार. आटे संपले की गळून पडणार. मग एक्सल सरकणार, चाक तिरकं होणार, चेन उतरून चाकात अडकणार, आणि मागचं चाक एकदम जॅम होणार. यातलं काहीच कळत नसतं तर निदान नुसतं घाबरता आलं असतं. आता मात्र डोळ्यांसमोर एकेक भाग सुटा होऊन पडत होता, आणि त्या सगळ्यांच्या वर सासूबाई बसलेल्या होत्या.

ती रस्त्याकडे बघत होती. डांबरावर कुठे नट पडलाय का, ओरखडा दिसतोय का, काचा आहेत का. रस्त्यात एक चमकती गोल वस्तू दिसली तेव्हा ती सायकलवरून जवळजवळ पडलीच. ते बाटलीचं झाकण होतं.

चौकात गर्दी जमली होती. माणसांच्या पाठी दिसत होत्या, मधे काय आहे ते दिसत नव्हतं. तिने सायकल तशीच आडवी टाकली आणि कोपरांनी वाट काढत आत शिरली. कोणीतरी म्हणालं, "अहो, जरा हळू." आत एक पार्सल पोचवणारा माणूस रस्त्यावर बसून गुडघा चोळत होता, आजूबाजूला खोकी विखुरली होती. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"बरं झालं," तिच्या तोंडून निघून गेलं.

माणसाने वर बघितलं. ती मागे सरली, सायकल उचलली. पाय पेडलवर ठेवताना दोनदा घसरला.

उताराच्या टोकाला पंक्चर काढणाऱ्याचं दुकान होतं. तिच्या गाडीत हवा भरायला ती तिथेच येत असे. दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"माझी गाडी बघितली का? माझे सासरे…"

"आत्ताच हवा भरून गेले. म्हणाले, आज मागे जरा जास्त भर."

"चाक हलत होतं का?"

"चाक?" त्याने ट्यूब पाण्याबाहेर काढली. "नाही बुवा, ते काही बघितलं नाही मी. का?"

"कुठे गेले?"

"जातात तिथेच. गोदामांच्या मागे."

"जातात म्हणजे?"

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या पान्याकडे. "एरवी दुपारचे जातात," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दुपारी ती झोपलेली असे, रात्रपाळी करून आल्यावर. तिने सायकल गोदामांकडे वळवली.

गोदामांच्या मागे खडीने सपाट केलेली मोठी मोकळी जागा होती. ट्रक वळवायची जागा, पण रविवारी रिकामी. कोपऱ्यावर पोचायच्या आधीच तिला तिच्या गाडीचा आवाज आला. इंजिन पहिल्या गिअरमध्ये ओढल्यासारखं कण्हत होतं, आणि त्याखाली चेन कुठेतरी घासत होती. तो आवाज तिच्या कानांनी बरोबर वेगळा काढला.

सासरे मधोमध उभे होते, हात पाठीमागे बांधून. एकटेच.

गाडी लांबच्या कडेने येत होती. हँडलवर सासूबाई होत्या. अंगात मुलाची जुनी पँट, पायात कापडी बूट, डोक्यावर सुनेचं जादा हेल्मेट. कोपरं दोन्हीकडे अशी ताठ पसरली होती, की जणू गाडी नाही, उतू जाणारं पातेलं धरलंय. दोन्ही पाय खडीपासून वीतभर वर तरंगत होते, पडायच्या तयारीत.

दर काही दिवसांनी आपल्या गाडीची चेन का सैल होते, ते तिला कळलं.

"अरे, तू?" सासरे ओशाळून हसले. "तू फोनवर होतीस, किल्ली गाडीलाच होती, म्हटलं तेवढ्यात दोन फेऱ्या मारून येऊ. आलीसच तर बघ. आज दुसरा गिअर टाकणार आहे ती."

"बाबा, त्यांना थांबवा," ती म्हणाली, पण त्यांचं लक्ष गाडीकडे होतं.

सासऱ्यांनी हात वर केला आणि हौसेने ओरडले, "हां, आता! क्लच! दुसरा टाक!"

गाडीला हिसका बसला. मागचं चाक वळताना जरा उशिरा वळलं. अगदी जरासंच. सासऱ्यांना ते दिसलं नाही. सासूबाई आता सरळ त्यांच्याच दिशेने येत होत्या, आधीपेक्षा वेगाने.

ओरडायला तिचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं. ओरडलं तर त्या दचकणार, आणि दचकलेला नवखा माणूस आधी गॅस पिळतो. तिने सासऱ्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं, पाना पाठीमागे लपवला, आणि गाडीच्या वाटेच्या किंचित बाजूला जाऊन उभी राहिली. सुईला घाबरणाऱ्या माणसाशी लॅबमध्ये ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज तिने कुठून तरी गोळा केला.

"आई, माझ्याकडे बघू नका. समोर बघा. छान चाललंय."

हेल्मेट तिच्याकडे वळू लागलं आणि परत सरळ झालं.

"आता गॅस सोडा. पूर्ण सोडा. हां. डावा हात दाबा. दाबूनच ठेवा. आता उजव्या हाताने ब्रेक, हळू. अजून हळू."

गाडी तिच्यासमोरून सरकत गेली, डगमगली, सासूबाईंचा एक पाय खडीवर घासला. तिने दोन पावलं धावत जाऊन हँडल धरलं आणि चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. सगळीकडे एकदम शांत झालं.

सासूबाईंनी हेल्मेटची काच वर केली. चोरी पकडली जावी तसा चेहरा.

"तू कशाला आलीस?"

ती चाकापाशी गुडघ्यांवर बसली. नट एक्सलच्या टोकाला लोंबत होता. तिने नुसतं बोट लावलं आणि तो तिच्या तळहातात आला.

सासूबाई वाकून बघत होत्या. सासरेही येऊन उभे राहिले होते.

"हा आवळायचा राहिला होता," ती म्हणाली. "माझ्याकडून. फोन आला, आणि मी वर गेले."

सासऱ्यांनी तिच्या हातातला नट बघितला, मग मोकळ्या जागेकडे, रस्त्याच्या दिशेने बघितलं. तो सगळा उतार त्यांना आता आठवत असावा. ते तिथेच खडीवर बसले.

ती बोलणी खायची वाट बघत राहिली. आज सासूबाईंनी काहीही सुनावलं असतं तरी ते तिच्या पदरात पडायलाच हवं होतं.

"असं न विचारता गाडी काढू नये, अहो," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. मग तिला म्हणाल्या, "आवळ आता. मला दिसेल असं आवळ."

तिने चाक सरळ केलं, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, नट बसवला. पाना लावला, पण तो नटावरून दोनदा निसटला. सासूबाई शेजारी उकिडव्या बसल्या, आणि त्यांनी पान्यावर तिच्या हाताच्या मागे आपला हात ठेवला. दोघींनी मिळून जोर दिला.

"मला सांगायचं ना," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी शिकवलं असतं."

"शिकवलं असतंस." सासूबाईंनी हाताला लागलेलं ग्रीस बघितलं आणि मुलाच्या पँटला पुसलं. "पण मला किती भीती वाटते, ते तुला दिसलं असतं."

"मग शिकता कशाला?"

सासरे उठून पाण्याची बाटली शोधायला सायकलपाशी गेले, जिथे बाटली नव्हती.

"तू त्या दुपारी न्हाणीघरात पडलीस ना," सासूबाई म्हणाल्या. "हे आणि तुझा नवरा, दोघंही घरी नव्हते. तुला शुद्ध नव्हती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, निघतोच. आणि मग ते चालत आले."

"वय झालंय त्यांचं."

"हो. पिशवी या हातातून त्या हातात घेत आले. मधेच थांबले. मी गच्चीतून बघत होते. खाली तुझी गाडी उभी, किल्ली इथे खिळ्याला." त्यांनी भिंत असावी तसा हवेत हात केला. "जाऊन त्यांना मागे बसवून आणलं असतं. तेवढंच. एवढासा तर रस्ता."

तिला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर सासूबाई पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, रात्र रात्र जागायचं, जेवायचं नाही, मग दुसरं काय होणार. तेवढंच तिने इतके दिवस लक्षात ठेवलं होतं.

तिने चाक हाताने फिरवून पाहिलं. ते सरळ फिरलं. तिने पुन्हा फिरवलं. मग पुन्हा एकदा नटाला पाना लावून बघितला. तो हलत नव्हता.

"मी सायकल घेऊन पुढे जातो," सासरे लांबूनच म्हणाले. "तुम्ही या."

ती उठली आणि हँडल धरायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो बाजूला सारला. त्या गाडीवर बसल्या, दोन्ही पाय टेकवले, हेल्मेटचा पट्टा लावायला दोन वेळा प्रयत्न केला.

"इथल्या इथे एक फेरी," त्या समोर बघत म्हणाल्या. "मागे माणूस बसल्यावर कशी लागते, ते कधी कळलंच नाही. हे बसत नाहीत माझ्या मागे."

ती तशीच उभी होती. त्या गाडीचा एकेक नट तिला माहीत होता, आणि त्या हँडलवरचे हात तिने आत्ताच बघितले होते. पाना तिने पँटच्या मागच्या खिशात खोचला. पाय टाकून ती मागे बसली, आणि हात कुठे ठेवावा ते न कळून कॅरिअर धरलं.

सासूबाईंनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण त्यांनी क्लच सोडला नाही.

"भीती वाटते का?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"हो."

"मलाही," त्या म्हणाल्या. "मला धर, ते काय धरलंयस."