पहिल्या खुर्चीखालचं पाणी

नानांचा समोरचा दात गेला, त्याला वय, साखर किंवा अपघात यांपैकी कशालाही जबाबदार धरता येत नाही. दोष तेलाच्या बाटलीचा होता. ट्रंपेटच्या पिस्टनना घालायचं पातळ तेल एका चिमुकल्या बाटलीत येतं. तिचं झाकण काही केल्या फिरेना. पक्कड बाहेरच्या खोलीत होती आणि दात तोंडात होता, म्हणजे जवळ होता. कट्‌ असा आवाज झाला. झाकण निघालं, असं समजून नानांना क्षणभर आनंदही झाला.

नाना नगरपालिकेच्या बँडमध्ये, दर रविवारी बागेत, पहिला ट्रंपेट वाजवत. ट्रंपेट ओठांनी वाजतो असं लोक समजतात, आणि ते खरंही आहे. पण ओठांना पाठीमागून टेकू असतो तो समोरच्या दातांचा. ती भिंत पडली की फुंकलेली हवा वाट फुटेल तिकडून जाते आणि ट्रंपेटमधून फक्त पश्चात्ताप बाहेर येतो.

"मुळालाच चीर गेलीय काका, काढावाच लागेल," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानंतर तीन प्रकार आहेत. एक, काढता-घालता येईल अशी एका दाताची कवळी. दोन, ब्रिज. पण त्यासाठी दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करावे लागतील."

"त्यांचं काय चुकलं?"

"काहीच नाही. ते शेजारी आहेत, एवढंच. म्हणून मी तिसरं सुचवते, इम्प्लांट. हाडात बारीक स्क्रू बसवायचा. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, मग त्यावर दात. तुमचं हाड चांगलं आहे. फक्त तोवर तिथे जोर येता कामा नये. तुम्ही काय करता?"

"पाणीपट्टी खात्यात होतो. आता निवृत्त."

"तोंडावर जोर पडेल असं काही?"

"छे, हिशेबाचं काम होतं," नाना म्हणाले. यातला एकही शब्द खोटा नव्हता, याची त्यांनी बोलण्यापूर्वी खात्री करून घेतली होती.

काही महिने वाजवता येणार नाही, एवढंच मास्तरांना जाऊन सांगायचं होतं. मास्तर म्हणजे बँडमास्तर, माणूस भला. पण नानांना पहिल्या ट्रंपेटच्या खुर्चीचा इतिहास ठाऊक होता. त्यांच्या आधीचे पहिले ट्रंपेटवाले काविळीने आडवे झाले, तेव्हा नाना त्यांच्या खुर्चीत तात्पुरते बसले होते. तेव्हा त्यांचे केस काळे होते. अजूनही ते तात्पुरतेच बसलेले होते.

तेव्हा ते मास्तरांकडे न जाता मेव्हण्याच्या दुकानात गेले. बायकोचा हा धाकटा भाऊ किल्ल्या बनवायचा, आणि बँडमध्ये नानांच्या शेजारी दुसरा ट्रंपेट वाजवायचा. नानांनी आधी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतला, मग दात काढल्यावर बाईंनी तात्पुरती दिलेली कवळी काढून दाखवली.

मेव्हण्याने आत डोकावून पाहिलं. कुलपात पाहायची सवय होती. "म्हणजे भाऊजी, तुमचं मी वाजवायचं."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी धरतो. बोटं हलवतो. गाल फुगवतो."

"आणि माझं कोण वाजवणार?"

"तुझं कोण ऐकतं?"

मेव्हण्याने यावर विचार केला. "तेही खरंच," तो म्हणाला.

स्क्रू बसला, हिरडी भरून आली आणि व्यवस्था सुरू झाली. तालमीची खोली अग्निशामक दलाच्या गाड्यांच्या वर होती. खाली भोंगा वाजला की वर सगळे थांबायचे, गाडी गेली की मागच्या ओळीपासून पुन्हा. अशा ठिकाणी एक ट्रंपेट कमी झाला, हे कळायला कान फार तयार लागतो. मास्तर नेहमी म्हणत की दुसरा ट्रंपेट ऐकू येत नाही, पण तो थांबला की सगळं पोकळ वाटतं. तो थांबला, आणि क्लॅरिनेटवाले आधीसारखेच घड्याळाकडे बघत राहिले.

अडचण आली ती पाण्याची. ट्रंपेटमध्ये फुंकलेल्या श्वासाचं आत पाणी होतं. वाजवणारा मधूनमधून नळीची बारकी चावी दाबून ते फरशीवर झटकतो. तालीम संपली की प्रत्येक खुर्चीपाशी छोटं डबकं असतं. नानांच्या खुर्चीपाशी फरशी अगदी स्वच्छ, कोरडी, आणि शेजारी मेव्हण्यापाशी पूर. मोठ्या ड्रमवाल्याने तिकडे एकदा सहज पाहिलं. तो सहज पाहतो तसंच ते पाहणं होतं, पण नानांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या तालमीआधी ते जिन्याखालच्या बेसिनशी उभे राहून ट्रंपेटमध्ये चमच्याने पाणी ओतत होते. मागे मेव्हणा येऊन उभा राहिला.

"भाऊजी, माझ्यातलं थोडं देऊ का?"

नानांनी चमचा खिशात ठेवला. इतक्या वर्षांत मेव्हण्यासमोर त्यांची मान प्रथमच खाली गेली, आणि मेव्हण्याने ती पाहिली नाही असं दाखवलं. त्याचं त्यांना अधिक लागलं.

मग बागेतला वार्षिक कार्यक्रम आला. त्यात संथ चालीची एक एकल धून असते, ती पहिल्या ट्रंपेटची. वाजवणाऱ्याने उभं राहायचं, हा बँडचा रिवाज. नाना उभे राहिले. शेजारी, नोटेशनच्या उंच स्टँडआड, मेव्हणा बसून वाजवू लागला.

नानांनी ती धून कित्येकदा वाजवली होती, पण ऐकली कधीच नव्हती. वाजवताना माणूस पुढच्या श्वासाच्या चिंतेत असतो. आता चिंता नव्हती, त्यामुळे ऐकावंच लागलं. मेव्हणा घाई करत नव्हता. नाना जिथे जोर लावत, तिथे तो सूर नुसता ठेवून देत होता. शेवटचा वरचा सूर आला, आणि बाकांवरचे खोकणारे लोकही खोकायचे थांबले. पिस्टनवर बोटं ठेवून, गाल फुगवून, लालबुंद तोंडाने नाना मध्यभागी उभे होते. त्यांचा चेहरा लाल व्हायला फुंकण्याची गरज उरली नव्हती.

टाळ्या थांबेनात. मास्तरांनी हात करून त्यांना पुन्हा उभं केलं. नानांनी वाकून नमस्कार केला. वाकताना कवळी जराशी सुटली, ती त्यांनी जिभेने दाबून धरली.

घरी जेवायला मेव्हणा होता. बायकोने नानांच्या पानात सगळं मऊ मऊ वाढलं.

"असं तुम्ही कधी वाजवलं नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मग ते लपवण्यासाठी ती भावाकडे वळली. "आणि तू रे? इतकी वर्षं यांच्या मांडीला मांडी लावून बसतोस. काही शिकलास का?"

"शिकतोय, ताई."

"कधी शिकणार? केस पांढरे झाले."

"भाऊजी शिकवतील तसं."

नानांनी भाताचा घास बराच वेळ तोंडात धरून ठेवला. भात चावावा लागत नाही. गिळावा मात्र लागतो.

पुढच्या सोमवारी मास्तरांनी नानांना जिन्यात गाठलं.

"नाना, तुम्ही घरचे, म्हणून आधी तुमच्या कानावर घालतो. तुमचा मेव्हणा वाजवत नाही हो."

"म्हणजे?"

"कित्येक दिवसांत दुसरा ट्रंपेट माझ्या कानावर आलेला नाही. आधी वाटलं, माझेच कान गेले. मग मी मुद्दाम त्याची ओळ डोळ्यांसमोर धरून ऐकलं. एक सूर नाही. नुसता तोंडाला लावून बसतो. तुमची पुण्याई म्हणून इतके दिवस खपलं. सांगा, खुर्ची अडवून, खोटे गाल फुगवून चारचौघांत बसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं," नाना म्हणाले.

"लाज कशी वाटत नाही, मी म्हणतो."

"वाटत असेल."

"वाटली असती तर आपणहून उठला असता. बुधवारी त्याला बाहेर बोलावून सांगतो. खुर्चीवर क्लॅरिनेटवाल्यांचा कुणी बसेल. तुमचं काही म्हणणं?"

म्हणणं होतं. ते घशापर्यंत आलंही होतं. नाना म्हणाले, "बघा तुम्ही," आणि कठड्याला धरून खाली उतरले. सबंध जिना उतरेपर्यंत मास्तर वर उभे होते. एकदा मागे वळलं असतं तर पुरलं असतं.

नाना थेट किल्ल्यांच्या दुकानात गेले. मेव्हण्याने सगळं ऐकून घेतलं आणि कानस मशीन चालू केलं.

"तू सांग ना त्यांना," नाना मशीनच्या वरताण ओरडले.

"काय सांगू? भाऊजी वाजवत नव्हते? मग ताईला कुठलं तोंड दाखवू?"

"मग?"

"मग काय. महिन्याभरात तुमचा दात बसेल, तुम्ही तुमचं वाजवाल. मिटलं. मला रविवार मोकळा मिळेल. छपराचं काम राहिलंय."

मशीन जोरात फिरत होतं. त्यात किल्ली लावलेली नव्हती. नानांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. ते शेजारी आहेत, एवढंच.

बुधवारी सगळे जमले. मास्तरांनी छडी स्टँडवर ठेवली आणि मेव्हण्याला म्हणाले, "जरा बाहेर येता?" मेव्हणा उठला. तो उठताना ट्रंपेट खुर्चीवर ठेवत नव्हता, पेटीत ठेवत होता.

तेव्हा नाना उभे राहिले. एकलला राहतात तसे. त्यांनी तोंडातून कवळी काढली आणि स्टँडवर, नोटेशनच्या मधोमध ठेवली. गुलाबी प्लास्टिक, तार आणि एक दात.

"माफ्तर," नाना म्हणाले. कवळीशिवाय सकार निसटत होता. "तो नाही. मी वाजवत नव्हतो."

त्याच क्षणी खाली भोंगा झाला. गाडीचं इंजिन धडधडलं, खिडक्या थरथरल्या, घंटा घणघणत रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. सगळे सवयीने थांबले. नानाही उभ्या उभ्या थांबले. खाली बसायला भरपूर वेळ होता.

"हां," शांत झाल्यावर मास्तर म्हणाले. "काय म्हणत होतात?"

नानांनी पुन्हा सांगितलं. या वेळी दात कसा गेला इथपासून सांगितलं, कारण एकदा सुरू केल्यावर कुठे थांबायचं ते कळेना. कुणी हसलं नाही. बाटलीपाशीसुद्धा नाही.

"मग बागेतलं एकल?" मास्तरांनी विचारलं.

नानांनी मेव्हण्याकडे बोट केलं.

"उभे तुम्ही होतात."

"हो. उभा मी होतो."

मागून मोठ्या ड्रमवाल्याचा आवाज आला. "आणि नाना, पाणी?"

"नळाचं."

मास्तरांनी स्टँडवरची छडी उचलली. मग मेव्हण्याला म्हणाले, "इकडच्या खुर्चीवर बसा." मेव्हणा हलेना. नानांनी आपली पेटी उचलली, तेव्हा बसला.

"आणि दात बसल्यावर तुमचं काय, नाना?"

"दुफरी रिकामी अफली तर," नाना म्हणाले.

बँडला सांगणं सोपं होतं असं घरी गेल्यावर कळलं. बायको शेंगा मोडत होती. नानांनी कवळी घालून, स्वच्छ शब्दांत सांगितलं. तिचे हात थांबले.

"तरीच," ती म्हणाली.

"काय तरीच?"

"तो शेवटचा वरचा सूर. तुमचा नेहमी जरा खाली राहतो."

"नेहमी?"

"लग्न झाल्यापासून. म्हटलं, सांगून काय उपयोग. त्या दिवशी वाटलं, जमला एकदाचा." तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं, चपला घातल्या. "मी त्याच्या दुकानात जाऊन येते. त्याला काय काय बोलले मी, भरल्या पानावर."

त्या संध्याकाळी भात नानांनी स्वतः लावला. जरा कच्चाच राहिला. दोघांनीही तो चावून चावून खाल्ला.

हाडाने स्क्रू धरला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर दात बसवला, शेजारच्यांच्या रंगाचा, आणि आरसा पुढे केला. नाना निघता निघता म्हणाले की ते ट्रंपेट वाजवतात. बाईंनी चष्मा काढला. मग पुन्हा खुर्चीत बसवून, तोंड उघडायला लावून, जे बोलायचं ते बोलल्या. तोंड उघडं असल्यामुळे नानांना उत्तर देता आलं नाही.

महिन्याभराने परवानगी मिळाली. रविवारी बागेत नाना दुसऱ्या खुर्चीवर बसले. त्यांचं कुणालाही ऐकू आलं नाही. दोन धुनांच्या मध्ये त्यांनी चावी दाबली, ट्रंपेट झटकला. फरशीवर चार थेंब पडले. मेव्हण्याने समोर बघतच आपला बूट थोडा बाजूला सरकवला, आणि पुढचं पान उलटलं.