सोमवारची सफाई

तलवाड्यात खताच्या दुकानावर गहिनीनाथचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना ठोकलेल्या गोधड्या, एक माइक आणि एक कॉम्प्युटर. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी, हळदीची गाणी, देवीची गाणी, सगळी तिथंच व्हायची. कॉम्प्युटर मात्र लई खादाड. गाण्याचं सॉफ्टवेअर काम करता करता स्वतःसाठी शेकडो तात्पुरत्या फायली करून ठेवायचं आणि एकही टाकून द्यायचं नाही. डिस्क भरली की नेमकं गाणं रंगात आलं असताना सगळं ठप्प.

मग गहिनीनाथ खुर्ची ओढून बसायचा. एकेक फोल्डर उघडून हातानं सफाई करायचा. गाणारे, ढोलकीवाले जिन्यात चहा पीत थांबायचे आणि नव्या माणसाला दबक्या आवाजात सांगायचे, "थांबा जरा, मास्तर मशीनचं पोट साफ करतेत." खरं तर हे कचरा काढायचंच काम. पण त्या वेळात अख्खा जिना आपल्यासाठी खोळंबलाय, याचं सुख गहिनीनाथला दुसऱ्या कशात नव्हतं. सूर कुणाचाही असो, स्टुडिओ त्याच्यावाचून हलत नव्हता.

या सुखात पंडित आला. पंडित म्हणजे गहिनीनाथचा मेव्हणा, विजयमालाचा धाकटा भाऊ. पुण्यात एका स्टुडिओत काही वर्षं काढून गावी परतला होता. "त्याला संगं घ्या, तुमचा भार हलका होईल," असं विजयमाला म्हणाली आणि गहिनीनाथनं घेतलं. बायकोच्या भावाला नाही म्हणायची सोय कुठल्या गावात आहे?

आल्याच्या आठवड्यात पंडितनं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅशला, म्हणजे त्या तात्पुरत्या फायलींच्या साठ्याला, मर्यादा घालून दिली. एवढ्यापेक्षा जास्त साठलं की जुनं आपोआप जाणार. शेजारीच एक चौकोन होता, 'बंद करताना रिकामं करा'. त्यात त्यानं खूण केली. झालं. चहा निवायच्या आत काम उरकलं.

"दाजी, आता तुमी निवांत ऱ्हावा," पंडित म्हणाला.

कर्त्या माणसाला याहून वाईट काही म्हणता येत नाही. जिन्यातला चहा बंद झाला. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. ढोलकीवाले आल्या आल्या विचारायचे, "पंडितभाऊ हायेत का?" गहिनीनाथ हसायचा आणि आतल्या आत जळायचा. रात्रंदिवस जळायचा म्हणा ना. जेवताना विजयमाला भावाचं कौतुक करी, तेव्हा त्याला भाकरीतही खडा लागायचा.

तरी एक गोष्ट अजून त्याची होती. सुरेखा.

सुरेखा ऊसतोडीवाली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याबरोबर टोळीत जायची आणि उन्हाळा लागताना परतायची. एका हळदीत गहिनीनाथनं तिचा आवाज ऐकला आणि तिला हाताला धरून माइकपुढं उभं केलं. श्वास कुठं घ्यायचा, तोंड कधी वळवायचं, सगळं शिकवलं. आता उमापूरपासून गेवराईपर्यंत तिच्या आवाजाशिवाय हळद लागत नव्हती. पण ती सगळी गाणी दुसऱ्यांची. यंदा पहिल्यांदा तिनं स्वतःचं गाणं बांधलं होतं, उसाच्या फडावरच्या कोपीचं, म्हणजे पाचटाच्या झोपडीचं. आणि आपल्याकडे रीत अशी, की गाणं स्वतःचं असलं तर शेवटच्या कडव्यात गाणाऱ्यानं आपलं नाव घ्यायचं आणि आपल्या गुरूचंही घ्यायचं. ते नाव मग गाण्याबरोबर पिढ्यान्पिढ्या फिरतं.

सुरेखा कुणाचं नाव घेईल? गहिनीनाथला दुसरं काही नको होतं. तेवढं एक नाव त्या कडव्यात यावं, मग मेव्हण्यानं अख्खा स्टुडिओ ताब्यात घेतला तरी चालणार होतं.

आणि नेमकं तेच त्याच्या माघारी झालं. संकष्टी चतुर्थीला तो विजयमालाला घेऊन लिंबागणेशला गेला होता. इकडे मुकादमानं टोळीची गाडी दोन दिवस आधीच बोलावली. सुरेखा धावत स्टुडिओत आली, पंडितनं तिला माइकपुढं उभं केलं, तिनं गाणं म्हटलं आणि गेली. गहिनीनाथ परतला तेव्हा खतवाल्यानं खालूनच सांगितलं, "आज लई खुशीत होती सुरेखा. जाताना म्हणली, पंडितभाऊ, तुमच्यामुळं झालं बघा."

गहिनीनाथनं मनाशी हिशेब तिथंच मिटवला. नाव पंडितचं लागलं.

"ऐका की, दाजी," पंडितनं हेडफोन पुढं केले.

"ऐकतो मागून," गहिनीनाथ म्हणाला.

त्यानं ऐकलं नाही. दिवाळी गेली तरी ऐकलं नाही. ऐकलं तर खात्री होणार, आणि खात्री झाली की मनातल्या मनात भांडायचीही सोय राहणार नाही. संशयाला निदान रोज थोडं थोडं खायला घालता येतं.

आता या स्टुडिओचा एक नियम सांगायला हवा. गाणं पुरतं तयार झाल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. बारशाआधी लेकराला नाव ठेवत नाहीत, तसं. हा नियम गहिनीनाथनंच घातला होता आणि सगळे तो देवाधर्मासारखा पाळायचे, पंडितसुद्धा. पण नाव न दिलेलं काम हे सॉफ्टवेअर कायमच्या जागी ठेवत नाही, दुसऱ्या एका तात्पुरत्या फोल्डरात टाकतं, कॅशच्या कचऱ्याच्या शेजारी; पंडितच्या सेटिंगची सफाई तिथवर पोचत नव्हती. गहिनीनाथ हातानं सफाई करायचा तेव्हा ती बिननावाची गाणी ओळखून बाजूला ठेवायचा. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. पुण्यात पंडित प्रत्येक कामाला पहिल्या मिनिटाला नाव देत आला होता, त्यामुळं बिननावाचं काम कुठं जाऊन बसतं हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

दिवाळीनंतर एका शनिवारी पंडितनं चार ओळींची एक छोटी फाइल लिहिली. दर सोमवारी कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपोआप चालायची आणि त्या तात्पुरत्या फोल्डरातलं आठवड्यापेक्षा जुनं सगळं पुसून टाकायची. लिहून झाल्यावर त्यानं मान वळवून विचारलं, "दाजी, याच्यात ठिवायसारखं काही न्हाई ना?"

गहिनीनाथ खिडकीपाशी उभा होता. त्याला सगळं दिसलं. सुरेखाचं गाणं त्यातच होतं. सोमवारी ते जाईल, पंडितचं नाक भर बाजारात कापलं जाईल, आणि लोक म्हणतील, मास्तर हातानं करायचे तेच बरं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "कचराच हाय सगळा."

रविवार अख्खा पडला होता. मनात आणलं असतं तर एक नाव टाइप करायचा काय तो उशीर. दुपारी तो स्टुडिओच्या जिन्यापर्यंत गेलाही, आणि खतवाल्याशी गप्पा मारून परतला. सोमवारी सकाळी त्यानंच आधी जाऊन बटण दाबलं. पंडितच्या फायलीची काळी खिडकी पडद्यावर उमटली आणि पापणी लवायच्या आत मिटली.

दुपारी पंडितनं सुरेखाचं गाणं मिक्सिंगला घ्यायचं म्हणून शोधलं, आणि त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. हरवलेल्या फायली परत आणायचं एक सॉफ्टवेअर त्यानं लावून बघितलं. कुठं ढोलकीचा तुकडा आला, कुठं नुसती खरखर. सूर एक आला नाही.

"माझ्या हातानं झालं, दाजी," तो डोकं धरून बसला. "फडावर तिला काय तोंड दाखवू?"

हाच क्षण बघण्यासाठी गहिनीनाथ थांबला होता. सुनावायचे चार शब्द त्यानं जुळवूनही ठेवले होते. पण पंडितनं सगळ्यांदेखत, खतवाल्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत, चूक आपल्या अंगावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप, माइक घेऊन थेट सुरेखाच्या टोळीच्या साखर कारखान्याकडची एसटी धरली. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. गहिनीनाथची जळजळ दुप्पट झाली. करायला गेला काय आणि झालं काय.

पंडित तीन दिवसांनी परतला. अंगावर पाचटाची धूळ, घसा बसलेला. यावेळी त्यानं विचारलंच नाही, हेडफोन सरळ गहिनीनाथच्या कानावर ठेवले.

पाचटाची कोपी, तिला दार न्हाई,
वारा येतो पावना, त्याला विचारावं काई...

गाणं चांगलं होतं. द्वेष असतानाही कळावं इतकं चांगलं. मागं कुठं बैलाची घंटा वाजत होती, तीही शोभत होती. शेवटचं कडवं आलं.

सुरेखा म्हणती, सूर मला घावला,
पंडित बंधूनं दिवा दारी लावला.

गहिनीनाथनं हेडफोन काढले. हे तर त्याला आधीपासूनच ठाऊक होतं, असं त्याला वाटलं.

पंडित खाली बघत होता. "दाजी, माफ करा. मी लई समजावलं तिला. म्हणलं, आधीच्या वेळंला जे नाव घेतलं तेच ठिव."

"कोणतं नाव?"

"तुमचंच की. 'गहिनीनाथ गुरूनं दिवा दारी लावला.' म्हणून तर सारखं म्हणत होतो, ऐका, ऐका. मला वाटलं तुमच्या कानानंच ऐकलेलं बरं, आपण कावून आधी सांगावं."

"मंग बदललं कावून?"

"म्हणली, मास्तरांच्या फोनची दिवाळीभर वाट बघितली. गाणं कसं झालं म्हणून एका शब्दानं इचारलं न्हाई. नाव घेतलेलं त्यांना आवडलं नसंल."

खालून खताच्या पोत्यांचा वास येत होता. गहिनीनाथला वाटलं, आत्ताच्या आत्ता पंडितला सगळं सांगावं. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. माणसाला मागून जे वाटतं, ते नेहमी सोपं असतं म्हणून वाटतं. त्यानं मोबाइल काढला आणि जिन्यात जाऊन सुरेखाला फोन लावला.

"सुरेखा, गाणं ऐकलं बग. लई झाक झालं."

"आत्ता ऐकलं व्हय, मास्तर?" पलीकडे कोयत्यांचा आवाज होता. "आन पहिलं? ते ऐकलतं का तुमी?"

"न्हाई गं. ऱ्हाऊनच गेलं."

ती मोकळी हसली. "बरं झालं, बाई. जीव हलका झाला. मला वाटलं, ऐकून राग आला आन तुमीच पुसून टाकलं. आसलं काय बाय मनात आलं, माफी करा."

जिन्यात कुणी नव्हतं. खरं बोलायला यापेक्षा बरी जागा मिळाली नसती.

"मी कावून पुसंल?" गहिनीनाथ म्हणाला. "मशीननं पुसलं."

"तेच म्हणते मी, मास्तर कशाला पुसतील," सुरेखा म्हणाली, आणि मुकादमानं हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवला.