सोबतीचं जेवण

"मी एकटी नाय जेवत गो," मोतीबाई पाटावर बसता बसता म्हणाली. "तुलशीला बसव माज्यासंगती. एकाच ताटान वाढ."

चांगुणाचा हात थबकला. पण मोतीबाईसारखी सुईण आपण होऊन जेवायला मागते म्हटल्यावर तिला नाही म्हणायची बदलापूरजवळच्या त्या वस्तीत कुणाची छाती नव्हती. उद्या बाळंतपणाला सून तिच्याच हाती सोपवायची होती. ओठ आवळून तिनं भाकऱ्या वाढल्या, वर सुकटीचं कालवण घातलं आणि ओटीवर निघून गेली.

तुळशी अंग चोरून बसली. पोट दिसायला लागलं होतं, पण मनगटाची हाडं त्याहून जास्त दिसत होती. तिचं पहिलं मूल मूठभर जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं.

चांगुणा काही खाष्ट सासू नव्हती. सुनेला हंडा उचलू देत नसे, डोक्याला तेल घालून द्यायची. फक्त पोटभर खाऊ घालायची नाही. गरोदर बाईनं जास्त खाल्लं की पोर फुगतं आणि वाटेत अडकतं, असं तिची सासू सांगत आली होती. त्यात तिची स्वतःची लेक भागी याच घरात बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिची खात्रीच पटली. त्या वेळीही सुईण मोतीबाईच होती.

भागीचं काय झालं ते मोतीबाईला पक्कं ठाऊक होतं. पोर मोठं नव्हतंच. आईनं लेकीला अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं आणि ऐन वेळी पोरीच्या अंगात जोर करायला त्राण उरलं नाही. पण हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून ही युक्ती. मोतीबाई रोज दुपारी हजर व्हायची. घासभर आपण खायची, बाकी सगळं तुळशीच्या बाजूला सरकवायची. म्हातारीला हाव सुटली, असा गावभर बोभाटा झाला. तुळशीचा नवरा हरिचंद्र अंबरनाथच्या कारखान्यातून येताना मोतीबाईची थट्टा करायचा. ती खुशाल हसायची. काय बाई होती! लोक काय वाटेल ते म्हणोत, पोरीच्या पोटात भाकरी जातेय ना, एवढंच ती बघायची.

तुळशीचे गाल जरा भरले. आणि एके दुपारी चांगुणा पाणी प्यायला आत आली, तर सगळी सुकट सुनेच्या पुढ्यात.

"मोतीबाय! माज्या सुनंला पन मारतीस काय? भागीचा पोर मोठा होता म्हनून गेली ना ती?"

"पोर मोठा नव्हता, चांगुणे."

"मंग कशान गेली माजी पोर?"

तुळशीचा घास हातातच राहिला. खरं ते मोतीबाईच्या जिभेवर आलं होतं. तिनं चांगुणाच्या डोळ्यांत पाहिलं. हे ऐकून ही बाई पुन्हा उभी राहिली नसती.

"माजा हात चुकला," मोतीबाई म्हणाली. "पोर बारीक होता, माज्यानंच सोडवता नाय आला. खान्याचा काय बी दोष नाय. हिला पोटभर घाल."

जिच्या हाताला गावानं कधी नाव ठेवलं नव्हतं, तिनं हे बोलावं! चांगुणानं तिला हाताला धरून बाहेर काढलं. बातमी दारोदार पोचली आणि मोतीबाईला येणारी बोलावणी बंद झाली. पण सुईणीचं म्हणणं चांगुणानं पाळलं. भाकरी, सुकट, शेवग्याचा पाला, ती रोज सुनेसमोर बसून आग्रह करकरून वाढू लागली.

भाताची झोडणी चालू असताना तुळशीला कळा लागल्या. शेजारच्या गावची सुईण आणली. मोतीबाई खळ्यावर होती. बातमी कानावर येताच ती पदर खोचून उठली, चार पावलं गेलीसुद्धा, मग थांबली. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही.

ती तिथंच बांधावर टेकली. जीव सगळा त्या घराकडे लागला होता. ऊन कलताना रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. "दोघा बी बरी हायत," कुणीतरी ओरडून सांगितलं.

मोतीबाई घागरीपाशी गेली. बाळंतपण उरकल्यावर धुवायची तसे तिनं कोपरापर्यंत हात धुतले आणि पुढची पेंढी उचलली.