सिग्रिडची शेवटची शर्यत

सिग्रिड अबू धाबीजवळच्या अल ऐनच्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती उजवा खांदा धरूनच.

"पडलात का?" फिजिओथेरपिस्ट सुलक्षणानं विचारलं.

"नाही. वीस वर्षं बर्फात स्कीइंग केलंय."

नॉर्वेच्या संघात ती सात वर्षं राखीव खेळाडू होती. चौऱ्याण्णव साली तिच्याच देशात हिवाळी ऑलिंपिक झालं, नेमका तेव्हाच खांद्यानं दगा दिला. नंतर नवऱ्याच्या नोकरीपायी ती वाळवंटात आली. आता पस्तिशी उलटल्यावर तिला मायदेशची राष्ट्रीय स्पर्धा एकदा शेवटपर्यंत पूर्ण करायची होती.

"पण इथं बर्फ कुठाय?"

"डोंगर आहे ना."

जेबेल हफीत डोंगराच्या घाटात ती चाकं लावलेल्या स्कीवरून, दोन्ही हातांतल्या काठ्या रेटत चढायची. मागून भरधाव गाडी येऊ नये म्हणून सुलक्षणा आपली कोरोला दिवे लुकलुकवत तिच्या मागोमाग न्यायची. मागच्या सीटवर लेक ऋता झोपलेली. नवरा रणजित महिना महिना समुद्रातल्या तेलाच्या रिगवर. घरात मोठ्या माणसाचा आवाज नाही. घाटातही दोघी फारशा बोलत नसत. तरी सुट्टीच्या शुक्रवारची पहाट आली की सुलक्षणाला हायसं वाटे.

एकदा एका वळणावर सिग्रिड काठ्यांवर डोकं टेकून उभीच राहिली.

"यल्ला! चल!" सुलक्षणानं खिडकीतून हाक मारली. सिग्रिडची मान वर झाली, तेव्हा डोळे भरलेले दिसले.

"कोणासाठी करतेय मी हे? नवरा म्हणतो, खलास, आता पुरे."

खाली उतरून सुलक्षणानं पाणी दिलं, खांदा चोळला. "अजून चारच वळणं राहिलीत," एवढंच म्हणाली. सिग्रिड निघाली.

दोन हजार दोनच्या जानेवारीत सिग्रिड नॉर्वेला गेली. पंधरा दिवसांनी फोन आला.

"एकतिसावी आले. पण शेवटच्या चढावर दोघींना मागं टाकलं, सुलक्षणा! विशीतल्या पोरी होत्या."

"खांदा?"

"दुखतोय. दुखू दे." मग ती म्हणाली, "नवऱ्याची बदली झाली. मी आता परत यायची नाही."

सुलक्षणानं अभिनंदन केलं, काळजी घे म्हणाली. फोन ठेवल्यावर ती ऋताला सांगायला गेली.

"डिड शी विन?" ऋतानं वहीतून मान वर न करता विचारलं.

"नाही गं. एकतिसावी आली."

"ओह." पोर पुन्हा अभ्यासाला लागली.

त्या दोन विशीतल्या पोरींचं सुलक्षणाला कुणाला तरी सांगायचं होतं. रणजितचा फोन रविवारी यायचा होता आणि आज तर मंगळवार.