रिकामी माळ

"हलू नको," बाया म्हणाली.

वाहिद उंबऱ्यावर मान खाली घालून बसला होता. बायाच्या हातात ओल्या काड्या आणि दोरा. एकेका काडीला एकेक सैल गाठ. काविळीची माळ रोग्यासमोरच बांधायची, असं तिला सासूने शिकवलं होतं. आधी करून ठेवायची नाही, रिकामी टांगायची नाही. माळ आधी डोक्यावर टोपीसारखी बसते. मग दिवसागणिक वाढते. गळ्यात येते, कमरेत येते, शेवटी पायातून निघते. माळ उतरली की कावीळ उतरली. भाजे गावात बाया कोण म्हणून विचारलं तर लोक एवढंच सांगतात. माळेची बाया.

वाहिद खंडाळ्याला एका बंगल्यावर स्वयंपाकी. तरुणपणी त्याला कावीळ झाली तेव्हा बायानेच माळ घातली होती. उतरलीही होती. आता पुन्हा डोळे पिवळे, पाय सुजलेले.

"प्वाट बघ तुजं," बाया म्हणाली. "सातवा म्हैना लागल्यावानी."

"बंगल्यावरचे साहेबही तेच म्हणतात," वाहिद हसला. "बारशाला बोलव म्हणाले."

त्याची बायको उम्मेहानी हसली नाही. ती अंगणातच उभी होती, हातात औषधाची पिशवी.

"मावशी, पुण्याच्या डॉक्टरांनी गोळी दिलीय. रोज घ्यायची, बंद नाही करायची. हे घेतच नाहीत. म्हणतात, आधी माळ."

"मागच्या वेळी गोळी कुठं होती?" वाहिद म्हणाला. "बरा झालोच ना?"

"नव्हता झाला! माळ पायात आली आणि तुम्ही दवाखाना सोडलात. व्हायरस रक्तात तसाच बसून होता. इतकी वर्षं आतल्या आत लिव्हर कडक करत."

बायाचा हात थांबला.

"म्हंजी? ही कावीळ येगळी हाय व्हय?"

"वेगळी, मावशी. एक घाण पाण्यातनं होते. ती बहुतेक आपली आपण जाते. यांची हेपॅटायटिस बी. ती रक्तातनं येते, कुणाकुणात बसूनच राहते. माझं आणि आमच्या लेकीचं, रुमाईसाचं रक्त तपासलं. आम्हाला नाही निघाली, आम्ही लस घेतली. यांचं जेवढं लिव्हर उरलंय, तेवढं तरी गोळीने टिकेल, म्हणाले."

"कावीळ ती कावीळ," वाहिद पुटपुटला. "मावशी, घाला तुम्ही."

त्याने डोकं पुढे केलं. केस विरळ झाले होते.

बाया माळेकडे बघत राहिली. आपली आपण जाते. पोरीने किती सहज म्हटलं. मग आजवर आपण काय उतरवत होतो, हे तिला विचारायचं होतं. तिने शेवटची गाठ मारली आणि माळ स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"न्हाई बसायची."

"का?"

"एका मान्साला माळ येकदाच. दुसऱ्यांदा चालत न्हाई."

"हे कधी ऐकलं नाही मावशी."

"आता ऐक. गोळी घे. हितं, माझ्याम्होरं."

सासूने असं काहीच सांगितलं नव्हतं. बायाने उठून तांब्याभर पाणी आणलं. वाहिदने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बायाकडे. मग गोळी गिळली, कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून.

"रोज घ्याची," बाया म्हणाली. "चुकवलीस तर मला सांगल ही."

ते गेले. माळ उरली. बांधलेली माळ फेकायची कशी, तेही सासूने सांगितलं नव्हतं. बायाने ती आतल्या खिळ्याला अडकवली आणि कामाला लागली.

मध्ये उम्मेहानीचा फोन आला. गोळ्या चालू आहेत, पोटातलं पाणी काढलं, शिव्या देतात पण घेतात.

त्यानंतर एका सकाळी झाडताना केरसुणीत काहीतरी अडकलं. बायाने वर पाहिलं. काड्या सुकल्या होत्या. गाठी सरकल्या होत्या. माळ खिळ्यापासून लोंबत जमिनीला टेकली होती.

ती तशीच उभी होती, तेवढ्यात बाहेरून हाक आली. उर्से गावची एक बाई, कडेवर पोरगी. पोरीचे डोळे हळदीसारखे.

"मावशी, छकुलीला माळ घाला ना."

"आदी दवाखान्यात जा. रगात तपासून घे. कोंची कावीळ हाय ते कळू दे."

"आणि माळ?"

"ती आपली आपुन उतरती," बाया म्हणाली.

बाईला काही कळलं नाही. बाया आत गेली आणि खिळ्यावरची माळ काढून हातात धरली. एवढी मोठी झाली होती, कुणाच्याही अंगावरून निघाली असती.