सगळ्यांची एकच डॉक्टर

सरकारने सगळ्यांना फुकट उपचार जाहीर केले आणि घरोघरी जाऊन कार्डं काढायचं काम नोंदणीवाल्या बाईकडे आलं. बाई कामाला वाघ. एक दार सोडलं नाही. भानगड एवढीच की ‘तुमचा डॉक्टर कोण’ हा रकाना भरल्याशिवाय मशीन पुढे सरकत नसे, आणि लोक नुसते तोंडाकडे बघत. मग बाई सरसकट कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं नाव लावत सुटली. त्यांच्या हाताला गुण होता, लोकांचं भलंच होईल असं तिला मनापासून वाटलं. घरच्यांनाही तिथेच घातलं.

आता तिच्या थोरल्या नणंदेच्या छातीत गाठ आली होती. मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी कार्डावरच्याच डॉक्टरची चिठ्ठी लागे, आणि डॉक्टरीणबाईंची वेळ मिळत होती चार महिन्यांनी.

“तोवर गाठ थांबेल का?” बाईने नोंदणी कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं.

“मला काय विचारता? डॉक्टर बदलून घ्या.”

“मग द्या बदलून.”

“बदल वर्षअखेरीलाच होतो.”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात समोरच्या भिंतीवर ‘शंभर टक्के नोंदणी’ची पाटी, खाली तिचाच हारतुऱ्यांसकट फोटो. तो फोटो ओरबाडून काढावा असं तिला वाटलं.

रस्त्यापलीकडचे डॉक्टर माशा मारत बसले होते. त्यांच्या नावावर कोणी नव्हतंच. बाईनेच घातलं नव्हतं. ती नणंदेला घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी गाठ चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ही ताबडतोब दाखवायला हवी. पण माझी चिठ्ठी मशीन घेणार नाही. तुम्ही डॉक्टरीणबाईंकडच्या.”

“अगं, कार्ड नव्हतं तेव्हा निदान कुणाच्याही दारात उभं राहता यायचं,” नणंद हळूच म्हणाली. ती चिडली असती तर परवडलं असतं.

“वन्सं, माझंच चुकलं हो,” बाई म्हणाली.

डॉक्टर उठले. मग दवाखान्याला कडी घालून दोघींना घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि मागच्या दाराने थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले. “मी तपासलंय. तू फक्त चिठ्ठी दे.” डॉक्टरीणबाईंचे डोळे जागरणाने तारवटलेले होते. त्यांनी गाठीला एकदा हात लावला, मशीनवर चिठ्ठी टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

“एवढंच होतं?” नणंदेने विचारलं. बाईला हायसं वाटलं आणि संतापाने रडूही आलं. एवढ्याशा कामासाठी जीव टांगणीला लागला होता!

बाहेर दालन खच्चून भरलं होतं. सगळे चेहरे ओळखीचे, सगळ्यांची कार्डं तिनेच काढलेली. कोणी खोकत होतं, कोणी पोट धरून बसलं होतं. बाई खाली मान घालून निघाली, तशी दाराजवळच्या म्हातारीने तिचा पदर धरला.

“तुझी आत ओळख होती, बरं झालं बाई,” ती म्हणाली. “आमची ओळख तेवढी तुझ्याशीच.”